मंडळीत वाद असताना देवाचे मार्गदर्शन कसे शोधावे? पंच, पाळक आणि पुढाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मंडळीतले (म्हणजे चर्चमधले) भांडण सोडवण्याची जबाबदारी अंगावर आलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक पंच (मंडळीचा कारभार पाहणारे), पाळक (धर्मगुरू), तरुण संघाचे किंवा भगिनी मंडळाचे पुढारी आहेत. वाद कधी दफनभूमीच्या जागेचा असतो, कधी नाताळच्या खर्चाचा, कधी गायनवृंदात पुढे कोणी उभे राहायचे याचा. विषय लहान असला म्हणून दुखणे लहान नसते. ज्याला जो प्रश्न पडला असेल तो त्याने थेट वाचावा; संबंधित उत्तर दुसरीकडे असेल तर तसे सांगितले आहे.

१. देवाचे मार्गदर्शन घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे? प्रार्थना तर आम्ही प्रत्येक सभेच्या सुरुवातीला करतोच.

ती प्रार्थना हवीच. पण बहुतेक ठिकाणी काय होते ते आपण सगळे जाणतो. उपासना संपते, खुर्च्या गोलात ओढल्या जातात, एखादे ज्येष्ठ भाऊ दोन मिनिटे प्रार्थना करतात, सगळे आमेन म्हणतात आणि सेक्रेटरी फाईल उघडून पहिला विषय वाचतात. घरून जो जे मत घेऊन आला होता, तो तेच मांडू लागतो. देवाला सभेची वर्दी दिली जाते, पण त्याला विचारायचे राहून जाते.

यहोशवाच्या पुस्तकाचा नववा अध्याय प्रत्येक पंचाने वर्षातून एकदा तरी वाचावा. गिबोनी लोक शेजारचेच होते, पण दूरदेशाहून आल्याचे सोंग घेऊन आले. फाटके बुधले, ठिगळे लावलेली पायतणे, वाळून बुरशी आलेली भाकर. इस्राएलच्या पुढाऱ्यांनी निष्काळजीपणा केला असे म्हणता येत नाही. "तुम्ही कोण, कुठून आलात?" असे त्यांनी विचारले, त्यांची शिदोरीही पाहिली. एवढे करून १४ व्या वचनात म्हटले आहे की त्यांनी परमेश्वराचा सल्ला घेतला नाही. तीन दिवसांत खरे बाहेर आले आणि सगळी मंडळी पुढाऱ्यांवर कुरकुर करू लागली. समोरचा पुरावा स्पष्ट दिसत होता, म्हणूनच कोणाला विचारायची गरज वाटली नाही.

विचारणे म्हणजे निर्णय खरोखर मोकळा ठेवणे, त्या विषयावर वचन काय म्हणते ते उघडून वाचणे, ज्यांचे आपल्याला पटत नाही त्यांचे ऐकणे आणि उत्तराला वेळ देणे. यातले वेळ देणे सर्वांत जड जाते (प्रश्न ७ पाहा).

२. पुढाऱ्याने नम्र असावे म्हणजे गप्प बसावे का? गप्प बसलो की लोक डोक्यावर बसतात.

मोशे पृथ्वीवरच्या सर्व माणसांपेक्षा नम्र होता, हे वचन (गणना १२:३) भर भांडणात आले आहे. मिर्याम आणि अहरोन, म्हणजे सख्खी बहीण आणि भाऊ, त्याच्याविरुद्ध बोलत होते. "परमेश्वर काय केवळ मोशेशीच बोलला?" असा त्यांचा सवाल होता. मोशेने स्वतःची बाजू मांडल्याची नोंद तिथे नाही. मिर्यामेला कोड फुटले तेव्हा मात्र तो तिच्यासाठी देवाकडे ओरडला. तो बोलला तो तिच्या बाजूने.

हाच मोशे सोन्याच्या वासराच्या वेळी गप्प बसला नाही. कोरहाने अडीचशे सरदार घेऊन बंड केले, तेव्हा तो आधी उपडा पडला, मग उठून सडेतोड बोलला. "मी यांचे एक गाढवसुद्धा घेतले नाही," असेही त्याने देवापुढे सांगितले. आपला मान दुखावला तर सोसायचे, लोकांचे नुकसान होत असेल तर बोलायचे, असा त्याचा कल दिसतो. उलटेच अनेकदा घडते: कोणी आपल्याला उद्देशून एक शब्द वावगा बोलला तर आपण अर्धा तास उत्तर देतो, आणि एखाद्या विधवेचे नाव मदतीच्या यादीतून गळाले तर "पुढच्या सभेत पाहू" म्हणतो.

मोशेचाही एकदा तोल गेला. गणना २० मध्ये देवाने खडकाशी बोलायला सांगितले होते. त्याने लोकांना "बंडखोरांनो" म्हणून खडकावर दोनदा काठी मारली. पाणी निघाले, लोकांची तहान भागली, पण वचनदत्त देशात नेण्याचे काम त्याच्या हातून गेले. काम झाले म्हणजे पद्धत बरोबर होती, असे यावरून म्हणता येत नाही.

३. कोण चूक आणि कोण बरोबर हे मला आधीच कळले आहे. तरी विचारायचे कशाला?

यिर्मया ४२ आणि ४३ हे दोन अध्याय सलग वाचा. यरुशलेम पडले आहे, उरलेले लोक घाबरले आहेत. योहानान आणि इतर सरदार संदेष्टा यिर्मया याच्याकडे येऊन म्हणतात, परमेश्वराला विचार. उत्तर बरे असो की वाईट, आम्ही पाळू. शब्द किती सुंदर आहेत. पण त्याआधीच ते मिसरला (इजिप्तला) जायच्या इराद्याने बेथलेहेमजवळ येऊन थांबले होते. दहा दिवसांनी उत्तर आले: इथेच राहा. ते यिर्मयाला म्हणाले, तू खोटे बोलतोस. आणि मिसरला निघून गेले.

यासाठी एक साधी गोष्ट करून पाहावी. प्रार्थनेला बसण्याआधी एका कागदावर लिहा: "देवाने अमुक सांगितले तर मला ते मुळीच आवडणार नाही." मग स्वतःला विचारा, तेच उत्तर आले तर मी ते सभेत मांडेन का? मन "नाही" म्हणत असेल तर आधी त्या "नाही"साठीच प्रार्थना करा. वादाचा विषय त्यानंतर घ्या. तुमचे मत शेवटी बरोबरही ठरेल. पण ते मत सोडायची तयारी झाल्यावर तुम्ही तेच वाक्य वेगळ्या सुरात बोलाल, आणि समोरच्याला तो सूर लगेच कळतो.

४. दोन्ही बाजू ऐकायच्या कशा? एक भाऊ रोज फोन करतात, दुसरे बोलतच नाहीत.

जो रोज फोन करतो त्याचीच बाजू आपल्याला खरी वाटू लागते. नीतिसूत्रे १८:१७ नेमके हेच सांगते: आधी फिर्याद मांडणारा खरा वाटतो, मग दुसरा येऊन त्याची तपासणी करतो. म्हणून न बोलणाऱ्याच्या घरी आधी जा. एकटे जाऊ नका, एका पंचाला बरोबर घ्या. ते जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत लिहा आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. "मी असे म्हटले नव्हते" हे वाक्य पुढच्या सभेतली निम्मी भांडणे लावते.

ऐकण्याचे मला सर्वांत प्रिय उदाहरण गणना २७ मधले आहे. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. बाप वारला, भाऊ नाही, मग बापाचे नाव कुळातून का पुसावे? आम्हाला वतन द्या. मोशेजवळ नियमशास्त्र होते. "नियमात बसत नाही" म्हणून त्याला त्यांना दोन मिनिटांत परत पाठवता आले असते. त्याने त्यांचे प्रकरण परमेश्वरासमोर मांडले. उत्तर आले: या मुलींचे म्हणणे बरोबर आहे. आणि सगळ्या इस्राएलसाठी वारसाहक्काचा नियम ठरला. मोशे स्वतःला नियमाचा मालक समजत नव्हता, म्हणूनच हे घडले.

५. देवाचे उत्तर आले हे ओळखायचे कसे? चिठ्ठ्या टाकल्या तर चालतील का?

चिठ्ठ्यांबद्दल बरेच जण विचारतात, कारण प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठीने झाली (प्रेषितांची कृत्ये १). पण त्याआधी काय झाले तेही पाहा. अट ठरवली गेली: जो सुरुवातीपासून येशूबरोबर होता असा माणूस. त्या अटीत बसणारे दोघे उभे केले गेले, प्रार्थना झाली, मग चिठ्ठ्या. दोघांपैकी कोणीही चालला असता. पवित्र आत्मा उतरल्यानंतर मंडळीने अशा निवडीसाठी चिठ्ठ्या टाकल्याचे नव्या करारात पुढे कुठे दिसत नाही. म्हणून दोन्ही पर्याय सारखेच योग्य असतील आणि दोन्ही पक्ष आनंदाने तयार असतील, तर चिठ्ठी टाकायला हरकत नाही. कोण खरे आणि कोण खोटे हे ठरवायला चिठ्ठी टाकू नये. गिदोनाने देवाकडे खूण मागण्यासाठी ठेवलेल्या लोकरीचेही तसेच. देवाने त्याला काय करायचे ते आधीच सांगितले होते; लोकर त्याच्या भीतीसाठी होती.

ओळखण्याची कसोटी याकोब ३:१७ मध्ये आहे. वरून येणारे ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजूत पटण्याजोगे, दयेने भरलेले असते. जे उत्तर ऐकून आपल्याला "आता त्यांची चांगलीच जिरेल" असे वाटते, ते आणखी एकदा तपासून घ्यावे.

६. एक बहीण सभेत म्हणाली, "प्रभूने मला दाखवले आहे." यावर काय बोलणार?

आदराने ऐका, टिपून घ्या आणि तपासा. १ करिंथ १४:२९ मध्ये संदेश देणाऱ्यांबरोबर पारख करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. पारख करणे हा अविश्वास नव्हे.

किती जण एकच गोष्ट म्हणतात यावरही जाऊ नका. १ राजे २२ मध्ये सुमारे चारशे संदेष्टे अहाब राजाला "चढाई कर" म्हणत होते. त्याच्याबरोबर असलेल्या यहूदाच्या यहोशाफाट राजाने विचारले, विचारायला आणखी कोणी नाही का? अहाब म्हणाला, एक मीखाया आहे, पण मला त्याचा तिटकारा आहे, तो माझ्याविषयी कधी चांगले बोलत नाही. खरे बोलला तो मीखायाच.

पुढाऱ्याने स्वतः हे वाक्य वापरताना फार जपावे. खुर्चीवर बसलेल्याने "प्रभूने मला सांगितले" म्हटले की समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. मतभेद दाखवला तर तो देवाशी भांडतो असे दिसते. यरुशलेमेतल्या सभेने सुंता करण्याच्या वादावर पत्र लिहिले तेव्हा "पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले" असे शब्द घातले (कृत्ये १५:२८). ते शब्द पुष्कळ वादविवाद झाल्यावर, पेत्र, बर्णबा, पौल आणि याकोब या सगळ्यांचे ऐकून झाल्यावर आले.

७. उत्तर येत नाही आणि सभा तर येत्या रविवारी आहे. काय करावे?

सभा घ्या, पण निर्णय त्याच दिवशी घ्यायचे बंधन घालून घेऊ नका. वल्हांडणाच्या वेळी अशुद्ध असलेले काही लोक मोशेकडे आले, तेव्हा तो म्हणाला, थांबा, परमेश्वर काय आज्ञा करतो ते मी ऐकतो (गणना ९:८). लोकांसमोर "मला अजून माहीत नाही" म्हणण्याने त्याचे वजन कमी झाले नाही.

थांबताना मात्र तारीख द्या. "पाहू नंतर" याचा अर्थ लोक "दाबून टाकले" असा घेतात. तोवरची व्यवस्थाही सांगा: चावी कोणाकडे, बँकेच्या सह्या कोणाच्या, रविवारी उपदेश कोण करणार. आणि एखाद्याच्या पोटाचा किंवा औषधाचा प्रश्न अडला असेल तर तेवढे आजच सोडवा. त्यासाठी वेगळ्या साक्षात्काराची गरज नाही. राजासमोर उभ्या असलेल्या नहेम्याने एका श्वासात प्रार्थना करून उत्तर दिले होते (नहेम्या २:४), पण त्यामागे अनेक दिवसांचा उपवास आणि प्रार्थना होती.

८. मागच्या वादात उपवास-प्रार्थना करून जो तोडगा निघाला, तोच या वेळी लावला तर?

दाविदाने पलिष्ट्यांना एकदा समोरून जाऊन हरवले. तेच पलिष्टी त्याच रेफाईम खोऱ्यात पुन्हा आले. त्याने पुन्हा विचारले आणि या वेळी उत्तर वेगळे होते: समोरून जाऊ नको, वळसा घाल, तुतीच्या झाडांच्या शेंड्यांवर चाहूल ऐकू येईपर्यंत थांब (२ शमुवेल ५). जिंकलेल्या माणसाला पुन्हा विचारावेसे वाटणे, यातच त्याची नम्रता दिसते.

९. तरुणांना आणि बहिणींना या गोष्टीत घ्यायचे का? आमच्याकडे सभेत फक्त ज्येष्ठ पंच बसतात.

घ्या. नाबालाच्या उद्धटपणामुळे दावीद चारशे माणसे घेऊन रक्तपाताला निघाला होता. त्याला वाटेत अडवणारी नाबालाची बायको अबीगईल होती. तुला आज माझ्या भेटीला पाठवणारा परमेश्वर धन्य, असे दावीद तिला म्हणाला. देवाचे मार्गदर्शन गाढवावरून उतरून त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्याने ते ओळखले.

कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी सगळ्या शिष्यांना बोलावून सात जण निवडायला सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच लोकांच्या हाती वाटप गेले.

उलट बाजूही आहे. शलमोनाचा मुलगा रहबाम राजा याने लोकांच्या मागणीवर तीन दिवसांची मुदत घेतली, वडीलधाऱ्यांचा सल्ला ऐकला आणि तो टाकून आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांचे ऐकले. राज्यातले दहा वंश हातचे गेले. त्याने वयाकडे पाहून निवड केली नाही. जे त्याच्या मनासारखे बोलले त्यांचे त्याने ऐकले. सल्ला मागण्यापूर्वीची मनाची स्थिती प्रश्न ३ मध्ये आली आहे.

१०. वादात माझा सख्खा भाऊच एक पक्ष आहे. मी काय करू?

निर्णयाच्या वेळी खुर्चीवरून उठा आणि तसे इतिवृत्तात लिहायला सांगा. "मी निःपक्ष राहीन" असे सांगून कोणाचे समाधान होत नाही, आणि व्हावे अशी अपेक्षाही धरू नये. नहेम्याने व्याजाच्या वादात सरदारांना दोष दिला तेव्हा मी, माझे भाऊबंद आणि माझे चाकरही कर्ज देत आहोत, हे त्याने सर्वांसमोर सांगितले आणि मग व्याज सोडायला सांगितले (नहेम्या ५:१०). स्वतःचा संबंध त्याने आधी उघड केला.

११. तक्रार पाळकसाहेबांविरुद्धच आहे. लोक म्हणतात, "देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका."

ते शब्द स्तोत्र १०५ मधले आहेत. तिथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब. संख्येने थोडे, परक्या मुलखात भटकणारे. ताकीद राजांना दिली आहे. बलवानांनी दुबळ्यांना छळू नये म्हणून सांगितलेले वचन पुढाऱ्याच्या बचावासाठी उलटे फिरवणे मला पटत नाही. दाविदाने अभिषिक्त राजा शौलाला मारले नाही हे खरे, पण त्याच्या वस्त्राचा कापलेला काठ हातात धरून, तू माझा जीव घ्यायला का टपला आहेस, असे त्याने सगळ्यांदेखत विचारले. पुढे दावीद स्वतः राजा झाला, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याच्या पापाबद्दल त्याच्या तोंडावर "तो माणूस तूच" म्हटले.

१ तीमथ्य ५:१९ दोन्ही बाजू सांभाळते. दोघातिघा साक्षीदारांवाचून वडिलाविरुद्ध आरोप घेऊ नये. आणि पुढच्याच वचनात, पाप करत राहणाऱ्यांना सर्वांसमोर दोष द्यावा. म्हणून तक्रार लेखी घ्या, साक्षीदार घ्या आणि प्रकरण तुमच्या वरच्या मंडळाकडे न्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नेऊ नका.

१२. पैशाची अफरातफर, मारहाण किंवा मुलांशी गैरवर्तन असेल तर मंडळीतच समेट करावा का?

नाही. इथे "वाद" हा शब्दच चुकीचा आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली की २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. पंचांची परवानगी, पाळकांची संमती, उपवासाचा आठवडा, यातल्या कशासाठीही थांबायचे नाही. १ करिंथ ६ मध्ये भावाने भावाला कोर्टात खेचू नये असे म्हटले आहे, ते आपापसातल्या हक्काच्या भांडणांविषयी आहे. गुन्हा झाकायला ते वचन वापरणे हे वचनावर आणि त्या लेकरावर दोघांवर अन्याय करणे आहे. घरात मार खाणाऱ्या बहिणीला "क्षमा कर, परत जा" सांगण्यापूर्वी ती आज रात्री सुरक्षित आहे का ते पाहा.

पैशांच्या बाबतीत, तुमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर हिशेब आणि विश्वस्तांमधले बदल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवणे कायद्यानेच लागते. कागद स्वच्छ ठेवणे हीसुद्धा देवापुढची सेवा आहे.

१३. आम्ही प्रार्थना केली, सगळ्यांचे ऐकले, तरी काही कुटुंबे निघून गेली. देवाचे मार्गदर्शन चुकले का?

तसे म्हणता येत नाही. पौल आणि बर्णबा यांचा योहान मार्कावरून इतका तीव्र वाद झाला की ते वेगळे झाले. कृत्ये १५ मध्ये, मोठा समेट झाला त्याच अध्यायात, हे लिहिले आहे. कोण बरोबर हे त्या पुस्तकाचा लेखक लूक सांगत नाही. पुढे तुरुंगातून पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे.

आपल्या महाराष्ट्रातलेही एक उदाहरण द्यावेसे वाटते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यासाठीची बोलणी १९२९ साली सुरू झाली होती. बाप्तिस्मा बालकांना द्यावा की विश्वास कबूल केलेल्यांनाच, या जुन्या वादात कोणाला हरवण्यात आले नाही. दोन्ही पद्धतींना जागा ठेवली गेली. तरीही इतकी वर्षे बोलणी करून दक्षिण आशियातली मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली. त्यामुळे एकत्र आलेल्यांची प्रार्थना फुकट गेली, असे मला म्हणवत नाही. बाहेर राहिलेल्यांना देवाने सोडले असेही नाही.

गेलेल्या कुटुंबाच्या घरी दुखणे-मरण आले तर पंचांनी जावे. सभासद यादीतून नाव कमी झाले म्हणून ते घर परके होत नाही.

१४. निर्णय चुकल्याचे नंतर लक्षात आले. आता मागे घ्यावा का? देवाच्या नावाने जाहीर केला होता.

यात दोन प्रकार आहेत. ज्या निर्णयात कोणाला शब्द दिला आहे, तो आपल्याला महाग पडतो म्हणून मोडू नये. गिबोन्यांनी फसवले होते, तरी यहोशवाने शपथ पाळली. शौलाने ती मोडली आणि दाविदाच्या काळात तीन वर्षांचा दुष्काळ त्यामुळे पडला असे २ शमुवेल २१ सांगते. पण ज्या निर्णयाने कोणावर अन्याय होतो किंवा काही सुटले आहे, तो दुरुस्त करावा. सलाफहादाच्या मुलींचा निकाल साक्षात देवाकडून आलेला होता. तरी पुढे मनश्शेच्या वंशातले प्रमुख आले आणि म्हणाले, या मुली दुसऱ्या वंशात गेल्या तर जमीन जाईल. मोशेने त्यांचेही ऐकले, त्यांचेही म्हणणे बरोबर ठरले आणि निकालाला पुरवणी जोडली गेली (गणना ३६). मुलींचा हक्क गेला नाही. दुरुस्ती करताना ज्याला आधी न्याय मिळाला त्याच्या हातचे काढून घेऊ नये, हे इथून शिकण्यासारखे आहे.

१५. दोघींचे भांडण आहे, विषय कोणालाच आठवत नाही, पण एकमेकींशी बोलत नाहीत. इथे मार्गदर्शन कसले मागायचे?

निकाल मागू नका, त्या दोघींसाठी धीर मागा. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे यांचे बिनसले होते. पौल त्यांची नावे घेतो, विषय सांगत नाही, कोण चूक तेही सांगत नाही. दोघींना सारख्याच शब्दांत विनंती करतो आणि आपल्या सोबत्याला सांगतो, त्यांना साहाय्य कर, कारण त्यांनी माझ्याबरोबर सुवार्तेसाठी श्रम केले आहेत. तुमच्याकडेही असा एखादा सोबती असतो, दोघींच्या घरी चहा घेणारा. त्याला किंवा तिला पाठवा, तुम्ही जाऊ नका. तुम्ही गेलात की ती चौकशी होते. प्रभुभोजनाच्या रविवारची वाट पाहू नका, त्याआधीच्या आठवड्यात पाठवा.